घरासाठी एक, स्वतःसाठी एक

अप्पा,

आज आमच्याकडे नव्या वर्षात काय काय करायचं ते ठरलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मला काही सुचलंच नाही. तुम्ही असतात तर टेबलावर बोटांनी टकटक करत म्हणाला असतात, "वेळ घे, पण उत्तर पाहिजे." म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या धाकट्याच्या लेखी तुम्ही म्हणजे हॉलमधला एक फोटो, जो पुसताना उचलून घ्यावा लागतो.

सबंध डिसेंबर कामात गेला. हिंजवडीहून वारज्याला परत येताना गाडी सिग्नलला थांबते आणि मला स्टिअरिंगवर डोकं टेकून झोपावंसं वाटतं. घरी आलं की मुलीचा प्रोजेक्ट, मुलाचा खोकला, आणि भाजी चिरता चिरता कानाला फोन. नवरा चांगला आहे, हे तुम्हाला सांगायला हवं, कारण लग्न तुम्ही पाहिलं नाहीत. तो भांडी घासतो, मुलांना अंघोळी घालतो. पण काय घासायचं, कुणाला कधी अंघोळ घालायची, घरातलं काय संपत आलंय, हे सगळं माझ्या डोक्यात असतं. ते डोकं मला कुठे उतरवून ठेवता येत नाही.

तर आज दुपारी जेवणं झाल्यावर मुलीनं सगळ्यांना टेबलाशी बसवलं. ती पाचवीत आहे, तुमच्यासारखीच हट्टी. "प्रत्येकानं दोन गोल्स सांगायचे," ती म्हणाली. "एक घरासाठी, एक स्वतःसाठी. आईच्या घरी असंच असायचं." ही पद्धत तिथे मीच सुरू केली असं तिला वाटतं. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. नवरा म्हणाला, घरासाठी तो रोज सकाळचे डबे भरणार, आणि स्वतःसाठी पेटी शिकणार. धाकटा म्हणाला, मी डायनासोर काढणार, आणि घरासाठीसुद्धा डायनासोरच काढणार. मुलगी एक कॉमिक पूर्ण करणार आहे, आणि घरासाठी चपला रांगेत ठेवणार आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"स्वयंपाकघरातला नळ बदलायचाय," मी म्हणाले.

"ते घरासाठी झालं. स्वतःसाठी?"

अप्पा, मी खरंच विचार केला. मागच्या वर्षी मी कथा लिहिणार होते, जानेवारीत दोन-तीन पानं लिहिली आणि पुढे मार्च संपेपर्यंत कंपनीनं मान वर करू दिली नाही. त्याआधीच्या वर्षी वॉटरकलर. त्या रंगांच्या ट्यूब अजून वाळल्या नाहीत, कारण मी त्यांची झाकणंच उघडली नाहीत. त्याही आधी गाणं होतं बहुतेक. आता मनात चाचपून बघितलं तर हाताला काही लागेना.

"झोप," मी म्हणाले.

"आई, दॅट्स नॉट अ गोल!" मुलगी म्हणाली आणि सगळे हसले. मीही हसले. पण मी थट्टा करत नव्हते.

तेव्हापासून मला आपलं येरवड्याचं घर आठवतं आहे. एक जानेवारीला आपण सकाळीच नगर रोडवर जाऊन उभे राहायचो, भरलेल्या पीएमटीत कसेबसे शिरायचो आणि पेरण्याला विजयस्तंभापाशी जाऊन यायचो. परत येईपर्यंत पाय धुळीनं पांढरे झालेले असायचे. आई आल्या आल्या पदर खोचून स्टोव्हपाशी उभी राहायची, आणि जेवणं झाली की तुम्ही हात पुसत विचारायचात, "हां, बोला. यंदा घरासाठी काय, आणि स्वतःसाठी काय?" हे तुम्ही पिंपरीच्या कारखान्यातून आणलंत. बाहेरच्या कंपन्या येणार, आता टिकायचं तर सगळ्यांनी डोकं चालवायला पाहिजे, असं सांगून साहेबांनी तुमच्या खात्यात सूचनांची पेटी लावली होती. त्या पेटीचं तुम्हाला फार कौतुक. पण निम्मा प्रश्न तुमचा स्वतःचा होता. "कारखान्यानं विचारलं, कारखान्यासाठी काय सुचवता," तुम्ही म्हणायचात. "तुला काय पाहिजे, असं कुणी विचारलं नाही. आपण घरात दोन्ही विचारायचं."

मी दरवर्षी काहीतरी सांगायची. कधी पोहायला शिकणार, कधी नाटकात काम करणार. तुम्हीही सांगायचात. आई मात्र महापालिकेतल्या नोकरीला जुंपलेली, दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून दमलेली. ती ताटं उचलत म्हणायची, "घरासाठी एक बरी खुर्ची आणा. स्वतःसाठी मी त्या खुर्चीत बसेन." तुम्ही मोठ्यानं हसायचात. मला वाटायचं, आईला हौसच नाही कशाची. अप्पा आहेत म्हणून या घरात काहीतरी घडतं.

मग तुमच्या कारखान्यात नवी यंत्रं आली आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती आली. स्वेच्छा किती होती ते तुम्हाला माहीत. मी तेव्हा कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होते. कॅम्पसमध्ये नव्या कंपन्यांच्या गप्पा चालायच्या, आणि घरी तुम्ही सकाळी कंपनीच्या बसच्या वेळेला उठून, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कॉटवर बसलेले असायचात. त्यानंतरच्या एक जानेवारीला तुम्ही आवाज चढवून सांगितलंत, "घरासाठी, यापुढे स्वयंपाक मी करणार. स्वतःसाठी, मी दुर्बीण बनवणार. चंद्र बघायची."

आई म्हणाली, "आधी पहिलं करून दाखवा."

शनिवार पेठेतल्या एका हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळात तुम्ही जाऊ लागलात. तिथले एक वयस्कर गृहस्थ पहिल्याच दिवशी तुम्हाला म्हणाले होते, "आपण कारखान्यात होतात ना? मग हात चालतील. धीर चालतो का ते बघू." हे तुम्ही घरी येऊन त्यांच्याच आवाजात सांगितलंत, आणि कित्येक दिवसांनी तुम्हाला हसताना मी पाहिलं. दुर्बिणीचा आरसा हातानं घासून बनवायचा असतो हे मला तेव्हा कळलं. वाळूनं भरलेलं एक पिंप, त्यावर घट्ट बसवलेली जाड काचेची चकती, तिच्यावर पाणी आणि करकरीत काळी पूड, आणि वर दुसरी चकती. ती वरची चकती पुढे-मागे रेटायची, जरा फिरवायची, आपण पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा रेटायची. असं महिनोन् महिने. बाहेरच्या खोलीत कॉट होती, म्हणून पिंप स्वयंपाकघरात आलं. तुम्ही दिवसभर त्याच्याभोवती फिरत राहायचात. मला आजही तो आवाज आठवतो, दाताखाली खडा यावा तसा. आधी जाड, मग पूड बारीक होत जाईल तसा मऊ.

स्वयंपाक तुम्ही केलात, नाही असं नाही. सुरुवातीला केलात. मग भाकरी जमत नाही म्हणून नुसता भात राहिला, मग नुसता कुकर लावणं राहिलं, आणि उन्हाळा लागेपर्यंत आई ऑफिसातून येऊन पूर्वीसारखीच पदर खोचून उभी राहू लागली. फरक एवढाच, की आता तिला पिंपाला वळसा घालून मोरीकडे जावं लागायचं. तुम्ही म्हणायचात, "एवढं घासून झालं की येतोच." ते एवढं कधी संपायचं नाही.

एका संध्याकाळी आपण तिघं जेवत होतो. आईनं पहिला घास घेतला आणि तिचा जबडा थांबला. तिनं तोंडातला घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. डाळीत पूड गेली होती.

"तुमचा चंद्र माझ्या डाळीत आला," ती म्हणाली.

तुम्ही हसायला गेलात.

"हसू नका," ती म्हणाली. आवाज वर नव्हता, तिचा कधी नसायचाच. "तुमची नोकरी गेली, मला वाईट वाटलं. अजून वाटतं. पण तुमची गेली म्हणून माझी दुसरी सुरू झाली का? तुम्ही दरवर्षी विचारता, स्वतःसाठी काय. ते करायला वेळ कुठून येतो, हे विचारलंत कधी? तुमचा कुठून आला ते मला माहीत आहे. माझ्यातून आला."

तुम्ही तुमच्या ताटातली डाळ बोटानं चाचपून बघितलीत. मला तर ताटावरून उठताही येईना. अप्पा, मी तेव्हा मनातल्या मनात तुमच्या बाजूनं होते. बिचाऱ्यांना एकच तर विरंगुळा आहे, असं मला वाटत होतं. आज स्वतःच्या टेबलाशी बसून तिची ती वाक्यं आठवली तेव्हा मला ती पाठ असल्याचं कळलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पिंप गॅलरीत गेलं होतं. वाळूनं भरलेलं पिंप तुम्ही एकट्यानं कसं हलवलंत कुणास ठाऊक. स्वयंपाकघराची फरशी दोनदा पुसलेली होती आणि तुम्ही ओट्याशी पीठ मळत होतात. त्या दिवसापासून तुम्ही खरोखरच स्वयंपाक केलात. कारखान्यातला जॉब करावा तसा केलात. पीठ वाटीनं मोजून, पाणी पेल्यानं मोजून, आणि फोडणी बिघडली की सुटा भाग नापास करावा तशी बाजूला ठेवून दुसरी. पुढे पुढे तुमची वांग्याची भाजी आईपेक्षा चांगली व्हायला लागली, हे तिनंच एकदा मान्य केलं.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्यानंतरची एक संध्याकाळ. आई ऑफिसातून येते. ओटा कोरडा आहे, भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या आहेत, भाजी झाकून ठेवली आहे. ती खांद्याला पर्स तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहते. खूप वेळ उभी राहते. मग म्हणते, "आता मी काय करू?" आणि तिचे डोळे भरून येतात. तुम्ही घाबरून विचारता, "काय झालं? मीठ जास्त पडलं का?" ती मान हलवते, पर्स खुंटीला लावते, गॅलरीत जाते आणि पिंपापाशी उभी राहून म्हणते, "द्या इकडे. काय करायचं असतं?"

तेव्हा आरसा पॉलिशला आला होता आणि तुम्ही अडला होतात. तुमच्या हाताला रेटायची सवय, आणि इथे नुसतं फिरवत राहायचं होतं. आईचा हात हलका. रोज संध्याकाळी ती ऑफिसची साडी बदलून पिंपाभोवती फिरायची आणि तुम्ही आतून भाजी ढवळत तिला दिवसभराचं विचारत राहायचात, आणि ती तुम्हाला ऑफिसातल्या लोकांच्या तऱ्हा सांगायची. इतकं तुम्ही दोघं एकमेकांशी बोललेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेवटी आरशावर चकाकी चढवून आणली, पत्र्याच्या नळीत तो बसवला, आणि दिवस मावळता मावळता आपण ती दुर्बीण गच्चीवर नेली. चतुर्थी-पंचमीचा चंद्र होता. तुम्ही आईला म्हणालात, "आधी तू." तिनं वाकून बघितलं, आणि वाकलेलीच राहिली. शेजारच्या पोरांनी रांग लावली तरी ती उठेना.

"बघ," तुम्ही माझ्याकडे बघून म्हणालात, "यंदा तुझ्या आईचंसुद्धा स्वतःसाठी झालं."

ती सरळ झाली. चेहऱ्यावर अजून हसू होतं. "नाही हो," ती म्हणाली, "हे तुमचं होतं. मी हात लावला. माझं अजून राहिलंय."

"मग सांग ना. काय?"

"एक दिवस," ती म्हणाली. "एक दिवस मला कुणी हाक मारायची नाही."

तुम्ही तिला तो दिवस दिलात. पुढच्याच रविवारी ती सकाळी चहा पिऊन, पर्स घेऊन निघून गेली. कुठे ते सांगितलं नाही. तुम्ही विचारलं नाहीत, पण दिवसभर काहीतरी निमित्त काढून गेटपर्यंत जाऊन येत होतात. दुपारी खिचडी केलीत आणि तिच्या वाट्याची झाकून ठेवलीत. ती आली तेव्हा दिवेलागण झाली होती. तुम्ही इतकंच म्हणालात, "जेवणार?" ती "हो" म्हणाली. बस. कुठे गेली होती हे मला कधी कळलं नाही. पुढच्या वर्षी तुम्ही आजारी पडलात, मग दवाखाने सुरू झाले, आणि मग तुम्ही नव्हतात. दुर्बीण आईनं जवळच्या शाळेला देऊन टाकली.

आज ते टेबलाशी हसणं झाल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन तिला फोन केला. ती अजून येरवड्यालाच एकटी राहते, आमच्याकडे ये म्हटलं तर म्हणते, "आत्ता कुठे घर मोकळं झालंय." नव्या वर्षाच्या शुभेच्छा देऊन झाल्या, गुडघ्याचं विचारून झालं. मग मी विचारलं, "आई, त्या रविवारी तू कुठे गेली होतीस?"

कुठला रविवार, असं तिनं विचारलं नाही.

"कात्रजला," ती म्हणाली. "बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचं तिकीट काढलं. म्हटलं, जिथे बस थांबेल तिथे उतरू."

"आणि काय केलंस?"

"काही नाही. तळ्याच्या काठाला बसले. भेळ घेतली. लग्नानंतर एकटीनं खाल्लेली पहिली भेळ. मग झाडाखाली बाकावर बसल्या बसल्या झोप लागली. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं."

"एवढंच?"

"एवढंच करायचं होतं गं."

मी विचारलं, अप्पांना सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "त्यांनी चपलांची माती बघितली होती. दुसऱ्या दिवशी चपला धुऊन गॅलरीत वाळत ठेवलेल्या दिसल्या. मी म्हटलं, कळलंय ते पुरे आहे." मग मी विचारलं, पुन्हा कधी गेलीस? ती म्हणाली, "नाही. नंतर तुझ्या अप्पांचं सुरू झालं. आता काय, आता रोजच कुणी हाक मारत नाही."

तिनंच विषय बदलला आणि तीळ आणून ठेवलेत का ते विचारलं.

मी बाहेर आले. सगळे अजून टेबलाशीच होते, धाकटा डायनासोरला शेपूट काढत होता. मी म्हणाले, "माझं ठरलं. महिन्यातून एक रविवार मी घरी नसेन."

"म्हणजे कुठला क्लास?" मुलीनं विचारलं.

"क्लास नाही. काहीच नाही."

"मग त्यात क्रिएटिव्ह काय आहे?"

"ते मला अजून माहीत नाही," मी म्हणाले. हे खरं आहे. झोपून उठल्यावर कदाचित काही सुचेल, कथा किंवा दुसरं काही. नाही सुचलं तर निदान झोप झालेली असेल. नवरा काहीतरी खोचक बोलणार होता, त्याच्या ओठांवर आलंही होतं, पण माझा चेहरा बघून त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "रविवारचं माझ्याकडे. पण फोन करून काय कुठे ठेवलंय ते विचारलं तर चालेल ना?" मी म्हणाले, "नाही." तो म्हणाला, "बरं. मग आम्ही शोधू. नाही सापडलं तर उपाशी राहू, इतिहासात लोक राहिले आहेत." धाकट्यानं चित्र सोडलं आणि माझ्या मांडीशी येऊन विचारलं, "पण तू परत येणार ना?" मी त्याला उचलून घेतलं. त्याचं वजन आता झेपत नाही. मी हो म्हणाले, आणि तेवढ्यानं माझा निम्मा निश्चय तिथेच गळून गेला.

हे जमेल की नाही मला माहीत नाही. पहिल्याच रविवारी कुणाला ताप येईल, किंवा कंपनीत काहीतरी बंद पडेल, किंवा मीच दारापर्यंत जाऊन वळेन. तुमचा प्रश्न चांगला होता, अप्पा. तुमच्याशिवाय आम्हाला तो कुणी विचारला नसता. फक्त तो विचारताना तुम्ही सुरुवातीला बसून होतात आणि ती उभी होती, एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं. नंतर तुम्ही उठलात. तेही सांगायचं होतं. पुष्कळ माणसं उठत नाहीत.

हे सगळं फोनवरच टाइप केलं आहे. कुणाला पाठवणार? थोड्या वेळानं पुसून टाकेन, नाहीतर तसंच राहू देईन. मी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसले आहे, काचा वर करून. वर घरात सांगितलं आहे की दूध आणायला चालले. दूध संपलेलं नव्हतं.